दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर

नाताळच्या महिनाभर आधी लेस्टरहून दादाचा मेसेज आला. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, मावशीचा थोरला. "सौसरला येतोय. सोबत डिटेक्टर आणतोय. कुठे कुठे फिरवता येईल याची यादी करून ठेव. फक्त कायदेशीर जागा हव्यात. नाताळ मला तुमच्या पोलीस स्टेशनात करायचा नाहीये."

डिटेक्टर म्हणजे मेटल डिटेक्टर, पण मॉलच्या दारातला नव्हे. कमरेएवढा दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. चकती जमिनीवरून फिरवत हळूहळू चालायचं. खाली धातू असेल तर कानात आवाज येतो, मग खुरप्यानं वीतभर खणून बघायचं. तिकडे हा हजारो लोकांचा छंद आहे. दादा दर रविवारी (मिस्सा झाल्यावरच, हे मावशी न चुकता सांगते) कुणातरी शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात जातो. आजवरची कमाई: पितळेची बटणं, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या, एक झिजलेलं चांदीचं नाणं आणि बाटल्यांची असंख्य बुचं.

मला वाटलं दोन संध्याकाळींचं काम आहे. तीन आठवडे लागले, आणि यादी शेवटी एका ओळीची झाली: ओळखीच्या माणसाचं वावर, त्याची परवानगी घेऊन. त्या एका ओळीलाही एवढ्या अटी चिकटल्या की दादाला पाठवताना मला व्हॉइस नोट करावी लागली. पण त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट खटकली आणि ती अजून जात नाही. म्हणून हा लेख.

आधी खोडलेल्या जागा सांगते. पहिली होती देवगड. छिंदवाड्याच्या बाजूला मोहखेडकडचा गोंड राजांचा किल्ला. ज्या बख्त बुलंद शहानं नागपूर वसवलं तो इथला. आमच्याकडच्या प्रत्येक शाळेची सहल तिथे गेलेली असते, त्यामुळे पहिलं नाव तेच सुचलं, आणि पहिलं तेच खोडलं. किल्ले, देवळं, जुनी टेकाडं यांच्यासाठी केंद्राचा १९५८चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे आणि मध्य प्रदेशाचा स्वतःचा १९६४चा आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणता येत नाही. पण १९५८च्या कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम २४वं. जागा संरक्षित नसली तरी राज्य सरकारला पुरातत्त्वासाठी तिथे उत्खनन करायचं असेल तर आधी केंद्राची संमती घ्यावी लागते. राज्य सरकारला लागते. मग आमचा दादा कोण लागून गेला?

दुसरी जागा नागपूरजवळची शिळावर्तुळं, कारण दादा विमानानं नागपूरलाच उतरणार होता. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, नायकुंड. मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं, आत माणसं पुरलेली, सोबत त्यांची लोखंडी हत्यारं, घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने, मणी. आपल्यासारख्या मिशनच्या कॉलेजात शिकणाऱ्यांना यातली एक गोष्ट माहीत हवी. ज्यांच्या नावानं नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप या वर्तुळांच्याच नादात गेले. ४ सप्टेंबर १८६३ला टाकळघाटची वर्तुळं बघून परतताना बोरीजवळच्या नाल्याला पूर होता, त्यात ते बुडाले. त्यानंतर चार वर्षांनी, १८६७मध्ये, रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनापाणीची काही वर्तुळं उकरली आणि त्यातला माल ब्रिटिश म्युझियमला गेला.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण मी लोखंड घेतच नाही. मशीनमध्ये सेटिंग असतं, लोखंडाचा आवाजच बंद करता येतो." आणि तिथेच मला कळलं की छंद आणि शास्त्र यांच्यात फरक कुठे आहे. नायकुंडला १९७८ ते १९८० या काळात शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली उत्खनन झालं, तेव्हा तिथे लोखंड गाळायची भट्टी मिळाली. इसवी सनापूर्वी ७००च्या आसपासची. भट्टी म्हणजे भाजलेल्या मातीच्या विटा आणि लोखंडाचा मळ, म्हणजे काळे ओबडधोबड खडे. हे खडे दादाच्या हेडफोनमध्ये ऐकूच आले नसते, किंवा ऐकू आले तरी त्यानं कचरा म्हणून धुऱ्यावर फेकले असते. विदर्भात त्या काळी लोखंड तयार होत होतं याचा पुरावा त्या कचऱ्यात होता. वस्तू मातीतून उपटून काढली की वस्तू हाती राहते, ती कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होती ते जातं. तेव्हा शिळावर्तुळं मी नुसती खोडली नाहीत, दादाला म्हटलं बघायला जरूर जाऊ, मशीन डिकीत राहील.

जंगलाबद्दल फार बोलायला नको. राखीव जंगलात कुदळ घेऊन शिरण्याची आमच्याकडे कुणाची हिंमत नाही. नदीचं पात्र सरकारचं. दादाला कुणीतरी गोटमारीबद्दल सांगितलं होतं, त्यामुळे त्यानं विचारलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर एवढी गर्दी लोटते, तर नंतर तिथे पडलेली नाणी, अंगठ्या शोधल्या तर? मी म्हटलं, अंगठी ज्याची असेल तो बहुतेक अजून जिवंत आहे. १८७२च्या करार कायद्यात, कलम ७१मध्ये, हरवलेली वस्तू ज्याला सापडते त्याच्यावर ती सांभाळून ठेवायची जबाबदारी टाकली आहे. मालकाला न शोधता खिशात घातली तर ती अफरातफर. दादानं गोटमारीचा नाद सोडला.

उरलं खाजगी शेत. इथे मला वाटलं होतं की परवानगी मिळाली की संपलं. उलट खरी गंमत इथेच सुरू होते.

आपल्याकडे अजूनही १८७८चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट चालू आहे. मराठीत याला निखात निधी कायदा म्हणतात, पण मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी "म्हणजे गुप्तधनाचा कायदा ना?" असंच म्हटलं, आणि ते बरोबर आहे. या कायद्यात निधी म्हणजे जमिनीत दडलेली कुठलीही किंमतीची वस्तू. सोनंच हवं असं नाही. आणि तिची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर ज्याला सापडली त्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किती किंमतीचं, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू सरकारी कोषागारात जमा करायची, नाहीतर हमी द्यायची. मग कलेक्टर जाहीर सूचना काढणार आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख देणार. शंभर वर्षांच्या आत कुणी ती पुरलेली असल्याचं सिद्ध झालं नाही आणि निधी बेवारस ठरला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला, एक चतुर्थांश जमिनीच्या मालकाला. सरकारला ती वस्तू हवी असेल तर सरकार धातूच्या किंमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेऊ शकतं. आणि कळवलंच नाही तर हिस्सा जप्त, वर एक वर्षापर्यंत कैद.

दहा रुपये! १८७८मध्ये ती मोठी रक्कम असणार. आज पांढुर्ण्याच्या स्टँडवर दहा रुपयांत एक कट चहा येतो. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे जमिनीतून निघालेलं जवळजवळ काहीही कलेक्टरला कळवण्याजोगं आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी, हा कायदा वाचताना तो मला वाटला होता तेवढा दुष्ट निघाला नाही. त्यात शोधणाऱ्याचा हिस्सा आहे, मालकाचा आहे, वाट बघण्याची मुदत आहे. कायद्यानं शोधणाऱ्याला चोर धरलेलं नाही, चोर तो न कळवल्यावर होतो.

आम्हा कॅथलिकांना शेतातल्या ठेव्याचा दाखला लहानपणापासून पाठ असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात. माणसाला शेतात ठेवा सापडतो, तो परत लपवून ठेवतो, आणि आनंदाच्या भरात घरदार विकून ते शेत विकत घेतो. फादर त्याचा अर्थ स्वर्गाच्या राज्याशी लावतात आणि तोच खरा अर्थ. पण ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट वाचल्यावर मला पहिल्यांदाच वाटलं की हा भला माणूस सौसर तालुक्यात असता तर विसाव्या कलमाखाली आत गेला असता.

आता कुणी म्हणेल, आमच्या मातीत असं काय आहे की एवढी काळजी करायची? संत्रा, कापूस, सोयाबीन आणि मॅंगनीज. (सौसरचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, दगडांच्या एका अख्ख्या समूहाला 'सौसर' म्हणतात, आणि मॅंगनीजच्या खाणी त्याच दगडांत आहेत. हे मला बारावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.) पण साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं आमच्या मातीतून एक निघालेलं आहे. पांढुर्ण्याचे ताम्रपट. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे, पाचव्या शतकातले. याच राजाचे आणखी ताम्रपट जुन्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या दुदियाला मिळाले. वा. वि. मिराशींनी हे सगळे १९६३च्या वाकाटक लेखांच्या खंडात वाचून, जुळवून छापले आहेत. तांब्याचे पत्रे, कडीत ओवलेले, कडीला राजाची मुद्रा, आणि पेटीसारख्या चौकोनी डोक्याच्या अक्षरांत संस्कृतमध्ये लिहिलेलं जमिनीचं दानपत्र.

आणि हा प्रवरसेन कोण, तर 'सेतुबंध' या महाराष्ट्री प्राकृतातल्या महाकाव्याचा कर्ता म्हणून परंपरेनं ज्याचं नाव सांगितलं जातं तो. एम.ए.च्या वर्गात मराठीच्या उत्पत्तीवर व्याख्यान होतं तेव्हा महाराष्ट्री प्राकृताचं नाव येतं, सगळे लिहून घेतात आणि पुढे जातात. त्या भाषेतल्या कवीचा, निदान ज्याला कवी मानलं जातं त्या राजाचा, सही-शिक्क्याचा कागद आमच्या गावात निघालाय हे कुणी सांगत नाही. गावाला मराठी येते पण गाव मध्य प्रदेशात, म्हणून आम्ही मराठीच्या इतिहासाच्या कडेला उभे, अशी आमच्याकडच्या प्रत्येकाची लहानशी तक्रार असते. ताम्रपट बघितले तर उलट आम्ही पार मध्यात आहोत.

पण मुद्दा हा की ते पत्रे तांब्याचे होते. तांबं भंगारात किलोवर जातं. जे ताम्रपट मिराशींपर्यंत पोचले ते आपल्याला ठाऊक. जे पोचले नाहीत त्यांचे आता घरोघरी तांबे-पराती झाले असतील.

बालाघाटकडे गुंगेरियाला १८७०मध्ये गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारं तांबं दिसलं. खणलं तर तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. कायदा होण्याच्या आठ वर्षं आधी. पोरांनी घरी सांगितलं, घरच्यांनी वर सांगितलं, म्हणून आज त्यातले काही नागपूरच्या अजब बंगल्यात बघायला मिळतात आणि काही (परत तेच) ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. महाराष्ट्रात दायमाबादला १९७४मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ मिळाला. शोध लागले ते गुराख्यांना, शेतकऱ्यांना. कुठल्याही यंत्राशिवाय. आपल्याकडे सगळ्यात मोठा डिटेक्टर म्हणजे नांगराचा फाळ. आता त्यात जेसीबी आणि संत्र्याच्या खड्ड्यांची भर. अठरा-अठरा फुटांवर एक खड्डा असे अख्ख्या तालुक्यात किती खड्डे झाले असतील, आणि त्यातून काय काय वर आलं असेल?

वर आलं तर ते जातं कुठे, हे आमच्या गावाकडे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. माझ्या लहानपणी एका काकांना विहिरीच्या कामात गडवाभर नाणी मिळाल्याची कुजबुज होती. कुणी म्हणे चांदीची, कुणी म्हणे सोन्याची. महिन्याभरात नाणी सोनाराकडे आटली. मला त्या काकांचा राग येत नाही. कळवलं असतं तर काय झालं असतं याचा त्यांनी हिशेब केला असणार: पोलीस येणार, काम थांबणार, आणि गाव म्हणणार की दहा कळवली म्हणजे शंभर लपवली.

कारण जमिनीतलं धन म्हटलं की आपल्याकडे डोकी ठिकाणावर राहत नाहीत. गुप्तधनावर नाग बसलेला असतो, पायाळू माणसाला ते दिसतं, अमावस्येला ते जागा बदलतं. मी स्वतः पायाळू असल्याचं आजीनं एकदा शेजारणीला सांगितलं, त्यानंतर आई आजीशी दोन दिवस बोलली नव्हती, कारण पायाळू पोरीच्या मागे कुठला मांत्रिक लागेल याचा नेम नसतो. हे हसण्यावारी न्यायचं नाही. महाराष्ट्रानं २०१३मध्ये नरबळी आणि जादूटोण्याविरुद्ध कायदा केला त्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख मुद्दाम करावा लागला आहे. आम्ही सीमेच्या अलीकडे, तो कायदा आम्हाला लागू नाही, मांत्रिक मात्र सीमा मानत नाहीत.

आणि २०२५च्या मार्चमधलं असीरगड तुम्ही सगळ्यांनी रील्समध्ये बघितलंच आहे. शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीवरचा सिनेमा फेब्रुवारीत आला, त्यात बुऱ्हाणपूरची लूट दाखवली, आणि असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत मुघलांची सोन्याची नाणी निघतात अशी अफवा पसरली. रात्री शेकडो माणसं. मोबाइलचे आणि डोक्याला बांधलेले टॉर्च, चाळण्या, फावडी, आणि हो, मेटल डिटेक्टर. बुऱ्हाणपूर आमच्याच राज्यातलं, आमच्यासारखंच अर्धं मराठी बोलणारं. त्या व्हिडिओंवर लोक खूप हसले. मला त्यात हसण्यासारखं एवढंच दिसलं की एका मराठी कादंबरीनं इतक्या लोकांना रात्री जागं ठेवलं. बाकी पोटात खड्डा पडला. ज्याच्या शेतात उभं पीक किंवा नांगरट असेल त्याचं काय? आणि खरंच एखादं नाणं निघालं असेल तर ते सकाळपर्यंत कुणाच्या खिशात, कुठल्या गावात? दहा रुपयांचा कायदा त्या रात्री तिथे होताच. दीडशे वर्षं होताच.

असो. दादा आला. ठरल्याप्रमाणे आम्ही शेजारच्या काकांच्या वावरात गेलो. निमित्तही प्रामाणिक होतं: सोयाबीन कापताना काकूंचं चांदीचं जोडवं पडलं होतं. काकांनी सोयाबीन निघालेला धुऱ्याकडचा पट्टा दाखवला. "इथंच कुठं तरी पडलं असन. पाहा. पन तिकडं चना पेरला हाये, तिकडं पाय नको ठेवू बाप्पा."

पहिला अर्धा तास मशीन नुसतं बोंबलत होतं. आमच्याकडची काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे कण, त्यामुळे चकतीला जिकडेतिकडे धातूच वाटतो. दादानं आवाज कमी केला, काहीतरी बटणं दाबली. मग निघालं: वखराच्या पाशीचा तुकडा, विळ्याचं पातं, कुंपणाची तार, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, बैलाच्या नालेचा अर्धा भाग. गावातली पोरं मागे मागे. प्रत्येक आवाजाला "सोनं! सोनं!" आणि मग हशा. मला खरंच मजा येत होती.

आणि मग एक नाणं निघालं. तांब्याचं, जाड, धड गोल नाही, एका बाजूला फारसी वाटणारी दोन-तीन अक्षरं, दुसरी बाजू पार झिजलेली. पोरं गप्प झाली. काका हातात घेऊन बघत राहिले आणि म्हणाले, "ठेव बेटा, लेकराले खेळाले होईन."

मी कायदा सांगितला. काका म्हणाले, "माह्या वावरात सापडलं, ते माह्यं नाही काय?" मी म्हटलं, काका, तुमचा चौथा हिस्सा, दादाचे तीन. "म्हंजे माहे चार आने!" आणि असे हसले की त्यांना ठसका लागला.

दादाला नाण्याचा मोह झाला होता हे मला दिसत होतं. पण १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं ही पुरावस्तू, ते बॅगेत घालून लेस्टरला नेणं हा आणखी वेगळा गुन्हा. तो म्हणाला, "ओके, मग रिपोर्ट करू. ऑफिस कुठे आहे?"

हा प्रश्न त्यानं इतक्या सहज विचारला की मला उत्तर देता येईना.

आम्ही अर्ज लिहिला. हिंदीत, कारण आमच्याकडे घर मराठीत चालतं आणि अर्ज हिंदीत. तारीख, गाव, खोली, वजन, दोन्ही बाजूंचा फोटो. आणि एका सरकारी कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथल्या माणसाची चूक आहे असं मला वाटत नाही. तो चांगलाच वागला. बसायला खुर्ची दिली. नाणं उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला की बेटा, अशा कामाचं रजिस्टरच नाही, हे कुठे चढवू? ठेवून घेतलं तर उद्या माझ्यावर येईल. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "कशाला झंझट मागे लावून घेता? देवघरात ठेवा."

आमच्या घरी देवघर नाही, वेदी आहे, पण ते जाऊ द्या. त्याचा सल्ला कायद्याप्रमाणे गुन्ह्याचा होता आणि माणुसकीच्या दृष्टीनं प्रेमाचा होता, आणि हेच मला खटकतं. माझं म्हणणं असं की कायदेशीर जागा कुठली, हा आपल्याकडे दुय्यम प्रश्न आहे. सापडल्यावर कुणाला दाखवायचं, हा पहिला. त्याचं उत्तर कागदावर आहे आणि गावात नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये दादाला काय करावं लागतं? जमीनमालकाची परवानगी. १९९६च्या कायद्यात बसणारा निधी असेल तर चौदा दिवसांत कळवायचं. आणि निधी नसेल, नुसतं बटण किंवा एखादं तांब्याचं नाणं असेल तरी ते नोंदवून घ्यायला १९९७पासून एक योजना आहे. भागाभागाला त्यांचा एक अधिकारी असतो. तो वस्तू बघतो, मोजतो, फोटो काढतो, जागा नकाशावर टिपतो आणि बहुतेक वेळा वस्तू परत देतो. सक्ती नाही. तरी दहा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. ही योजना ब्रिटिश म्युझियमच चालवतं. आमचं जुनापाणी ज्यांच्या कपाटात आहे तेच.

आमच्या एका सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुला इथे डिटेक्टरवाल्यांना मोकळं रान द्यायचंय? एका हिवाळ्यात सगळी शिळावर्तुळं उकरून नेतील." सरांचं खरं आहे. इंग्लंडमध्येही रात्रीचे चोर आहेतच. आयर्लंडनं तर पुरावस्तूंच्या शोधासाठी परवानगीशिवाय डिटेक्टर वापरायलाच बंदी घातली आहे, आणि आपली माती बघता मला आयर्लंड जास्त पटतं. दादाचा छंद इथे रुजावा असं मला अजिबात वाटत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. यंत्रं नकोत. पण फाळ आहे, जेसीबी आहे, खड्डे आहेत, ते थांबणार नाहीत. त्यातून जे वर येतं ते दाखवायला महिन्यातून एक दिवस, आठवडी बाजाराच्या दिवशी, एक टेबल हवं. टेबलामागे एक माणूस, त्याच्याकडे वजनकाटा, मोजपट्टी, फोन आणि पोच द्यायचं पुस्तक. आणि दहा रुपयांचा आकडा बदला. काकांना नाणं हातात घेऊन यायला भीती वाटू नये एवढा तरी बदला.

पांढुर्णा २०२३मध्ये जिल्हा झाला, सौसर त्यात आलं. नव्या जिल्ह्यात सगळीच रजिस्टरं नव्यानं उघडायची असतात. त्यात हे एक उघडायला काय हरकत आहे? आणि कॉलेजांचंही काम आहे यात. मराठीचे, इतिहासाचे विद्यार्थी सुट्टीत गावी जातातच. त्यांनी गावात विचारलं, फोटो काढला, नोंद ठेवली, आणि वस्तू ज्याची त्याच्या हातात ठेवून ती कळवायला त्याच्यासोबत गेले, तर त्यासाठी कुठला परवाना लागत नाही. खणायचं नाही, फक्त विचारायचं.

दादा जानेवारीत परत गेला, मशीन घेऊन, नाण्याशिवाय. अर्ज आम्ही स्पीड पोस्टानं पाठवला. पावती माझ्या 'सेतुबंध'च्या नोट्समध्ये आहे. नाणं काकांकडे, काकूंच्या कुंकवाच्या जुन्या डबीत, सोबत सापडल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला "माहे चार आने" म्हणून ते दाखवतात. जोडवं अजून सापडलेलं नाही.